टेनंटने फेकलेला कॅमेरा

मोठे साहेब, नवी जेट विमानं पहिल्यांदा उडवून बघणाऱ्या कॅप्टन टेनंटला तुम्ही उड्डाणबंदी घालून जमिनीवर बसवलंत, कारण त्याने हुकूम मोडून बलूनमधून सरकारी कॅमेरा खाली फेकला. पण त्या कॅमेऱ्याच्या वजनापायी बलून खाली येऊ लागला तर ओतायच्या वाळूच्या चार पिशव्या उडण्याआधी तुम्हीच उतरवायला लावल्यात, हे तुमच्या अहवालात का नाही?

त्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात मी वायरलेस घेऊन जीपमधून बलूनच्या मागे धावत होतो. ऊन उतरलं, बलूनमधला वायू गार झाला आणि टेनंट भराभर खाली येऊ लागला. त्याने उरलीसुरली वाळू ओतली, मग उतरलेल्या बॅटऱ्या फेकल्या. पॅराशूट घेऊन उडी मारण्याइतकी उंची उरली नव्हती.

“प्रूइट, अजून पडतोच आहे रे. आता काय टाकू, बूट?”

“कॅमेरा टाका, साहेब!”

“मोठे साहेब तुझी कातडी सोलतील.”

“सोलू देत! समोर डोंगर आहे!”

कॅमेरा सुटला, तशी बलूनची टोपली डोंगरमाथ्याला घासून पलीकडे गेली. टेनंटचा पाय मोडला, पण माणूस जिवंत उतरला.

आता मला लेखी उत्तर द्या. कॅमेरा ठेवून त्याने काय फेकायला हवं होतं?