लाखेक झाडं

शाहपुराच्या वाटेवर नाल्याच्या काठाला बावीस बोरी होत्या. त्या कोणी लावल्या नव्हत्या, म्हणून कोणाच्या डोळ्यांतही भरत नव्हत्या. फुकट आलेल्या वस्तूला गावात किंमत नसते, मग ती बोर असो की अक्कल.

धुरपदाबाईला मात्र बावीसच्या बावीस पाठ होत्या. तिच्या घरात सासऱ्याच्या आज्यापासून त्या बोरींवर लाख धरायचं काम चाले. लाख म्हणजे डिंक नव्हे. मोहरीच्या दाण्याहून बारीक असा तांबडा किडा असतो. तो कोवळ्या फांदीला चिकटून रस पितो आणि अंगाभोवती जे घर बांधतो, ती लाख. बुधवाऱ्याच्या बाजारातल्या लाखेच्या बांगड्या त्याच घरांच्या. बाईचा नेम असा, की तीन फांद्या उतरवल्या की चौथी किड्याची. "ज्याचं घर मोडून तुम्ही मिरवता, त्याला बियाण्यापुरतं तरी ठेवा," ती म्हणे. गावानं तिचं नाव 'किडेवाली' ठेवलं होतं. स्वतःच्या घरात ढेकूण पाळणारेसुद्धा तिला तेच म्हणत.

त्या वर्षी मालगुजारांची जमीनदारी गेली, प्रांताचं नाव तर आधीच बदललं होतं, आणि इंग्रजी कागद हिंदी झाले. लोकांना आधीचे कागद कळत नव्हते आणि हेही कळत नव्हते, तेवढी परंपरा टिकली.

अशात वनमहोत्सव समिती निघाली. अध्यक्ष श्रीकांतराव, बुधवाऱ्यातले कापडवाले. त्यांचा झाडाशी संबंध दात कोरायच्या काडीपुरता. सचिव नंदकुमार गुरुजी. हिंदीच्या तीन परीक्षा पास, असं ते स्वतःच सांगत. चौथीचं काय झालं, ते कोणी विचारत नसे.

तहसिलीत जबलपूरकडचा एक बाबू होता. त्यानं वरून आलेलं परिपत्रक पान खात खात वाचून दाखवलं आणि गुरुजींनी ते उतरवून घेतलं. बाबूनं वाचलं, "नालों के किनारे लाख के पेड़ हों." गुरुजींच्या कानाला ऐकू आलं, 'लाखेक पेड'. शंभरेक, हजारेक, तसं लाखेक. सरकार मोघम बोलतंच, त्यात नवल काय? त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाल्यांच्या काठी लाखेक झाडे असावीत.' पुढचं बाबूनं काय वाचलं, ते गुरुजींनी ऐकलंच नाही. ते शून्यं मोजत होते.

"लाखेक म्हणजे नव्वद हजारांत भागेल का हो?" श्रीकांतरावांनी सभेत विचारलं. कापडवाला माणूस, वारात दोन बोटं मारल्याशिवाय हात थांबत नाही.

"भागेल. 'एक' लावलंय ना शेवटी, तेवढी मोकळीक आहे."

"मग नाल्याचा काठ घ्या. पण तिथं झुडपं आहेत ना?"

"ती काढू. झाडं लावायची तर जागा नको का?"

ठराव एकमतानं पास झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाबाई वावरात होती. कुऱ्हाडीचा आवाज आला तशी पदर खोचून धावली. तोवर समितीच्या मजुरांनी एकोणीस बोरी आडव्या केल्या होत्या. विसाव्या बोरीशी सुकलाल उभा. तिच्याच गल्लीतला, चुलत पुतण्या लागणारा.

"सुकलाल! काय करतो रे मेल्या?"

"झाडं लावून राहिलो, काकू," हातातली कुऱ्हाड सावरत तो म्हणाला.

"कुऱ्हाडीनं?"

"समितीनं तसंच सांगितलं. उद्या खोडं मुळासकट उपटायची, मंग खड्डे." तो ओशाळला. "मले वाटलं, तुले माहीत असंल."

बाई पडलेल्या फांद्यांजवळ बसली. फांद्यांवर लाखेचे खवले भरून होते. किड्यांचं बियाणं पिकलं होतं. चार-पाच दिवसांत पिल्लं बाहेर पडणार, आणि जिवंत कोवळी फांदी मिळाली नाही तर वाळून जाणार. दुसरीकडचं बियाणं आणायला सातपुड्यात जावं लागलं असतं, आणि तिथलंही कोणी ठेवलं असेल तर. उरल्या तीन बोरी. आणि खोडं. गुडघाभर खोड राहिलं तर बोर पुन्हा फुटते. मूळ गेलं की गेली.

"तीनला हात लावशील तर तुझ्या मायला सांगीन," ती म्हणाली आणि तशीच बुधवाऱ्यात गेली.

श्रीकांतराव गादीवर होते, गुरुजी शेजारी. "भाऊ, खोडं राहू द्या," ती म्हणाली.

"धुरपदाबाई, देशाचं काम आहे. काटेरी झुडपांसाठी रडता काय? तिथं गुलमोहर येणार, लाल लाल!"

"गुलमोहराची बांगडी भरता येते का, भाऊ?"

"किड्यांपायी सरकारचा हुकूम मोडू?" गुरुजींनी कागद पुढे केला. "हे पाहा. लाखेक झाडे."

"काय म्हणाले? पुन्हा म्हणा."

"लाखेक."

आयुष्यभर जो शब्द बाईनं नखांत वागवला, तो या माणसाच्या तोंडात उपरा वाटत होता. "गुरुजी, हे लाखेक आहे का लाखेचं?"

"बाई, व्याकरण मला शिकवू नका."

"नाही बा. ज्यानं वाचलं त्यालेच विचारते."

आणि ती खरोखरच तहसिलीत गेली. बाबूनं पानाची पिंक टाकली, कागद काढला. "लाख के पेड़, अम्मा. जिससे चूड़ी बनती है. लिखा है, पुराने पेड़ बचाओ, उनके कीड़े का बीज सँभालो. परसों साहब खंडवा से देखने आ रहे हैं."

बाईनं परत येऊन हे सांगितलं, तसा श्रीकांतरावांचा चेहरा नीळ उतरलेल्या धोतरासारखा झाला. संध्याकाळच्या आत दोघंही नाल्यावर हजर. कालची 'किडेवाली' आज 'मावशी' झाली होती.

"मावशी, आता अब्रू तुमच्या हातात."

"माझ्या हातात बियाणं आहे, भाऊ. अब्रूचं तुम्ही पाहा. खोडाला हात लावायचा नाही, हे एक. आणि पडलेल्या फांद्यांवरचं बियाणं या तीन झाडांवर बांधायचं. मी जुड्या करून देते, चढायचं तुम्ही."

"आम्ही? सुकलाल आहे की!"

"त्याले चढता येतं. तुमाले शिकायचंय."

सुकलाल पोट धरून हसला. श्रीकांतराव धोतर सावरत बोरीवर चढले. बोरीनं धोतर ठेवून घेतलं. गुरुजींना प्रत्येक फांदीनं काट्यांची सही दिली. दिवेलागणीपर्यंत जुड्या बांधून झाल्या.

साहेब आले, पाहिले, खूश झाले. तीन बोरींसमोर पाटी लागली होती, 'समितीने जतन केलेली लाखेची झाडे'. एकोणीस खोडांवर सतरंज्या टाकून पाहुण्यांना बसवलं होतं. श्रीकांतरावांच्या ओरखड्यांकडे पाहून साहेब म्हणाले, "सेवा इसे कहते हैं." धुरपदाबाईला हार घालायचं कोणाला सुचलं नाही, तिला फक्त वाटत होतं की उठताना खोडं कोणी तुडवू नयेत.

एक लाखाच्या जागी आधीच मागवलेली गुलमोहराची रोपं आली चारशे बारा. दसऱ्यापर्यंत शेळ्यांनी तीही नीट पाहून घेतली.

कार्तिकात गुरुजी वही घेऊन नाल्यावर आले. वर्षाचा अहवाल द्यायचा होता आणि समितीनं लावलेलं जिवंत झाड एकही नव्हतं. पण एकोणीस खोडांना माणसाच्या छातीएवढे उंच धुमारे फुटले होते. धुरपदाबाई तीन बोरींवरचं पिकलं बियाणं त्या धुमाऱ्यांवर बांधत होती.

"मावशी, हे धुमारे किती असतील हो? समितीच्या नावावर धरायचे म्हणतो."

बाईनं एक धुमारा वाकवून त्यांच्या चष्म्याजवळ आणला. जुडीतून तांबडी धूळ निघाल्यासारखी पिल्लं कोवळ्या सालीवर पसरत होती.

"धुमारे काय मोजता? हे मोजा," ती म्हणाली. "लाखेक भरतील."