पांढऱ्या रंगाचे तीन डबे

रंगारीबाबांनी पांढऱ्या रंगाचा तिसरा डबा दुकानात परत धाडला, तेव्हा त्यांच्या लेकीला हसू आवरेना. चाळीस वर्षं भिंती रंगवलेला माणूस, आणि म्हणे दुकानदार पिवळा माल गळ्यात मारतो.

"बाबा, अहो, पांढराशुभ्र आहे हा."

"तू तुझ्या गोळ्या वीक. रंगातलं मला शिकवू नकोस."

लेक औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती. गोळ्या म्हटल्याबरोबर तिचं हसू जागीच विरलं.

"उशीचा अभ्रा कसा दिसतो?"

"पिवळा. तुझ्या आईला हल्ली धुणं जमत नाही."

"जेवण तरी कुठे जमतंय यांना?" आई आतून फणकारली. "चार दिवस मळमळतंय म्हणून ताट तसंच परत येतंय."

लेकीनं त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. ठोके चव्वेचाळीस; साठाच्या वर हवे होते. बाबांची हृदयाची एवढीशी गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंड थकलं की ती अंगात साचत जाते आणि माणसाला पिवळं दिसू लागतं, हे तिला तोंडपाठ होतं.

"किडनीचा रिपोर्ट हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलात ना?"

"त्यांना कशाला? त्यांची हिरवी फाईल, किडनीवाल्यांची निळी. ज्याची त्याला. सरमिसळ मला चालत नाही."

धन्य तो टापटीपपणा! लेकीनं आजची गोळी काढून घेतली, डॉक्टरांना फोन लावला, दोन्ही फायली काखेत मारल्या आणि कुरकुरणाऱ्या बाबांना शेजाऱ्याच्या गाडीत कोंबलं.

हृदयाच्या डॉक्टरांनी लगेच हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला तसे ते लेकीकडे वळले. "रक्तात औषध हवं त्याच्या दुपटीहून जास्त साचलंय. गोळी आत्तापासून बंद. आणखी एक-दोन दिवस गेले असते, तर मी काही सांगू शकलो नसतो."

लेकीनं बाबांना तिथेच दाखल केलं. तिसऱ्या दिवशी ठोके चौसष्टवर आले, तेव्हा कुठे ती पोटभर जेवली.

"पण किडनी एवढी अचानक का बिघडली, तेच कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी घसा खाकरला. "गुडघेवाल्यांची लाल फाईल घरी आहे. दुखण्याच्या गोळ्या. रोज दोन."

लेकीनं कपाळावर हात मारला. डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला. "आधी त्या थांबवा. त्यांनीच बिघडवली असेल, तर किडनी बरीचशी सावरेल."

लेक तेवढं ऐकायलाही नीट थांबली नाही. तिन्ही फायलींची एकच फाईल करायला ती जिन्यावरून धावत सुटली होती, रडत आणि हसत.