पान एक्केचाळीस ते सेहेचाळीस

गोटा काळा होता, नदीतला, एका अंगाला पांढरी रेघ असलेला — आणि तो अजून पाच जण लांब होता. ज्याच्या हातात गोटा त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये प्रश्न नाही, सल्ला नाही. सहा दिवसांच्या या निवासी प्रशिक्षणातला पहिल्या दिवसापासूनचा नियम. आज शुक्रवार, शेवटचं सत्र. जनहिताची वकिली शिकायला फेलोशिपवर आलेले वीस तरुण वकील गोल बसून एकेक जण सांगत होते, इथून मी काय घेऊन जातोय. तनुजा मोजत होती. पाच.

गोलाच्या मधोमध बांबूची टोपली, टोपलीत सगळ्यांचे फोन — हाही नियमच. आत कुठला तरी फोन घरघरला. सगळ्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. दुसऱ्या कुणाचा असेल… असू दे दुसऱ्या कुणाचा.

चार.

चहाच्या सुट्टीत फोन पंधरा मिनिटं परत मिळतात. तिनं सहज हायकोर्टाच्या संकेतस्थळावर आपली याचिका उघडली होती. *मुदतीत हरकती दूर न केल्याने नोंदणीस नकार.* तारीख बुधवारची. परवाची. कोर्टाच्या कचेरीनं काढलेल्या तीन हरकतींपैकी एक आणि दोन नंबरच्या तिनं इथं येण्याआधीच निस्तरल्या होत्या — कुठं सही राहिली होती, कुठं पानांचे आकडे. राहिली ती तिसरी : पान ४१ ते ४६ वाचता येत नाहीत, टाइप केलेली प्रत जोडावी.

सहा पानं. याचिका करणाऱ्या कडूबाईच्या वहीची, शिसपेन्सिलनं लिहिलेली, म्हणून झेरॉक्समध्ये पुसट. वाळूजच्या कारखान्यांपलीकडचं गाव, गावची विहीर, आणि कुठल्या दिवशी पाणी कुठल्या रंगाचं. *मंगळवार. पिवळं. फेस. गाय प्याली नाय.* विहीर बुजवायच्या आधी पाण्याचा न् गाळाचा नमुना घ्या, एवढीच तर याचिकेतली मागणी. ऑफिसात केशव सर म्हणाले होते, "मी टाइप करून घेऊ का?" आणि ती म्हणाली होती, "नको सर, वही घेऊन जाते, संध्याकाळी तिथंच करते."

सोमवारी संध्याकाळी प्रशिक्षण घेणाऱ्या हिमांशू सरांनी विचारलं, लोकांनी स्वतः गोळा केलेला पुरावा कसा असतो, कुणाकडे आहे का उदाहरण? — आणि तिनं वही काढली. वही गोलात फिरली, आत्ता गोटा फिरतोय तशीच. टाळ्या पडल्या. सिल्लोडचा ऋतुराज ओरडला, "फेलोशिप या कडूबाईंना द्या राव, आपल्याला घरी पाठवा!" सगळे हसले. तीही हसली, जरा जास्तच. मंगळवारी पोस्टर. बुधवारी पथनाट्य, पथनाट्यात तनुजा विहीर झाली होती.

विहीर झाली होती… मी.

तीन. मुलगी रडत बोलतेय. इथं रडणं चांगलं मानतात.

याचिका पुन्हा उभी करता येते. अर्ज, दिलगिरी, आठ-दहा दिवस. पण चहाचा कप हातात असतानाच कडूबाईचा फोन आला होता.

"ताई, पोकलेन आलंय विहिरीवर. बुजवाया लागले. डायवर म्हंतो, कोर्टात हाय तर नंबर दाखव. हाय ना आपला नंबर?"

"आहे."

"मंग सांगा. हातावर लिवते, वही तुमच्यापाशीच हाय."

आणि तिनं सांगितला. दाखल केल्या दिवशी मिळतो तो कच्चा नंबर, बुधवारपासून मेलेला. एकेक आकडा, सावकाश, जणू आकडे सावकाश सांगितले की खोटं कमी होतं. पलीकडून कडूबाईनं तो वाचून दाखवला, एकदाही न अडखळता.

"बराबर?"

"बरोबर."

"आता बघतेच कसा बुजवतो मुडदा." फोन बंद. साडेचार वाजले होते. कोर्ट उठायची वेळ. उद्या शनिवार, परवा रविवार.

दोन. ऋतुराज बोलतोय, आज वात्रटपणा नाही. "मी इथून तनुजाची ती वही घेऊन जातोय," तो म्हणतोय, आणि माना हलतात, हिमांशू सर डोळे मिटून घेतात. टोपली पुन्हा घरघरते. या वेळी पडदा उजळतो, आणि निळ्या कव्हरचा तो फोन तिचाच.

गोटा तिच्या हातात आला तेव्हा गरम होता, इतक्या हातांमधून आलेला. तिनं तोंड उघडलं. पिशवीत वही. पेन्सिलचा वास येतोय असं वाटतंय, येत नसणार. ती बोलेना तसं कुणीतरी हळूच नाक ओढलं. सगळ्यांनी तिच्या गप्प राहण्याला मान दिला. कुणी काही विचारणार नव्हतं. नियम होता.

फोन घरघरतच होता. ड्रायव्हरला पटलं असेल, तर कडूबाई तळवा पुढं करून दोन दिवस यंत्रासमोर बसेल, सोमवारी विचारेल, मग काय झालं ताई. पटलं नसेल तर…

बुजू दे.

ती दचकली. पण ते मनातच म्हटलं गेलं होतं, तिच्याच आवाजात, अगदी शांतपणे : अंधार पडायच्या आत बुजू दे, काठोकाठ, म्हणजे ती सहा पानं टाइप झाली होती की नाही, याला काही अर्थच उरणार नाही. फोन थांबला. शेजारच्या मुलीनं गोट्यासाठी हात पुढं केला, आणि तनुजानं मूठ आणखी घट्ट मिटली.