सासूच्या हातचं शिखे

"लिहिलेलं सगळं तिथे टाकू नकोस," असं थोरल्या बहिणीने सेरिमला बजावलं होतं. फुकटच्या वर्गाला कोण कुठलं येतं याचा पत्ता नसतो. आधी स्वतःच्या नावाने कुठे तरी छाप, मग दाखव. सेरिमने ते हसण्यावारी नेलं. बहीण बँकेत नोकरीला, तिला जिथे तिथे चोरच दिसायचे.

नगर ग्रंथालयाचा तो कथालेखनाचा ऑनलाइन वर्ग सेरिमला अगदी वेळेवर सापडला होता. दाबिन अकरा महिन्यांची, नोकरी सुटलेली, आणि नवरा कामावर गेला की वोन्जू शहरातल्या बाराव्या मजल्यावर मायलेकी दोघीच. दर पाच मिनिटांनी वाकून पोरीचा श्वास बघायचा आणि मधल्या पाच मिनिटांत लिहायचं, असं तिचं चाललं होतं.

वर्गाचा नियम असा, की दर गुरुवारी नवं प्रकरण सगळ्यांसाठीच्या पानावर टाकायचं आणि इतरांनी त्यावर बोलायचं. सेरिमने आपलेच दिवस लिहायला घेतले. बाळंतिणींच्या केंद्रातली तरुण आई, अंगावर न पिणारी तिची लेक, रोज तीन वेळा समोर येणारं समुद्री शेवाळाचं सूप. ते सगळ्यांत जीव लावून वाचायची ती ग्युओक. पंचेचाळिशीची, एकटीच राहणारी. सेरिम तिला ताई म्हणू लागली. ताई दर मंगळवारी फोन करून पुढचं प्रकरण कधी येणार ते विचारायची.

पाच प्रकरणं झाली आणि एका दुपारी मालिका-कादंबऱ्यांच्या साइटवर सेरिमला स्वतःची लेक भेटली. टाळूवरची मऊ जागा बेडकाच्या गळ्यासारखी धडधडते, हे तिने दाबिनच्या तिसऱ्या दिवशी पाहिलेलं आणि लिहिलेलं होतं. ते वाक्य तिथे जसंच्या तसं. नावं तेवढी बदललेली. लेखिका ग्युओक, वाचक चौदा हजार, आणि नव्या लेखकांच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत.

नवरा म्हणाला, तक्रार कर. पण ग्युओकचं पान आधीचं, सेरिमचं साइटवर काहीच नाही. तिलाच नक्कल करणारी ठरवायला कितीसा वेळ लागला असता? वर्गाच्या पानावर तारखा होत्या, पण नुसत्या तारखांवर चौदा हजार वाचक थोडेच विश्वास ठेवणार होते. ही गोष्ट आपली आहे हे वाचकांसमोर सिद्ध व्हायला हवं होतं, आणि तेही ग्युओकच्याच हातून. तिने पोरीला दूध पाजता पाजता विचार केला आणि मंगळवारच्या फोनवर आवाज नेहमीसारखाच ठेवला.

"टाकते ना ताई. या वेळी सासूचं फार गोड प्रकरण आहे. तुम्हाला आवडेल बघा."

सहाव्या प्रकरणात सासू रोज सकाळी डबा घेऊन येते. डब्यात स्वतःच्या हाताने केलेलं गारेगार शिखे, भात आणि मोडाच्या जवाचं गोड पेय. सुनेला जवळ बसवून वाडगा भरून पाजते, तोंड पुसते, डोळे भरून बघते. बस्स. पुढचं प्रकरण सेरिमने कुणालाच दाखवलं नाही.

सोमवारी सहावं प्रकरण ग्युओकच्या पानावर आलं. तासाभरात वाचणाऱ्या आयांनी रान उठवलं. अहो, पाजणाऱ्या बाईला शिखे? दूध तोडायचं असतं तेव्हा पितात ते! ही सासू आहे की वैरीण? लेखिकेने कधी मूल पाहिलंय का? ग्युओकने प्रकरणाखाली लेखिकेचे दोन शब्द लिहिले: साधं गोड पेय आहे, आजीची माया आहे, उगाच वाईट अर्थ काढू नका.

मग फोन आला. "सेरिम, लोक कशाला चिडलेत गं? शिख्यात वावगं काय आहे?"

"मला काय विचारता ताई? लिहिलंय तुम्ही. तुम्हीच सांगा."

ग्युओकने फोन ठेवला. सेरिमला तो क्षण आइस्क्रीमसारखा चाटून खावासा वाटला.

त्याच दिवशी तिने आपली सातही प्रकरणं स्वतःच्या नावाने साइटवर टाकली, पहिली सहा वर्गाच्या पानावरच्या तारखांसकट. सातव्यात सासू कुणाला तरी फोनवर सांगते, की दूध आटत आलंय, आता पोरगी माझ्याच हातच्या बाटलीवर वाढेल. आजीची माया म्हणणारीला ही गोष्ट कुठे चालली होती तेच ठाऊक नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ग्युओक स्पर्धेतून बाद झाली. सेरिमने प्रत्येक टोमणा दोनदोनदा वाचला. 'वांझोटी' हा शब्द तिने लिहिला नव्हता, पण तो वाचूनही पुढे गेली. बरं झालं, असंच तिला वाटलं होतं.

त्यानंतर ग्युओकचा एकच निरोप आला. 'मला चार वेळा दिवस गेले, पण दूध कधी आलंच नाही. मला कसं माहीत असणार?'

सेरिमने उत्तर दिलं नाही. नऊ दिवस झाले. ग्युओकचा फोन बंद, वर्गात ती नाही, साइटवरचं पान पुसलेलं. शेवटी सेरिमने पोलिसांना फोन केला. त्यांनी नंबर लिहून घेतला आणि विचारलं, तुम्ही तिच्या कोण?

आठव्या प्रकरणाखाली तिने आपले दोन शब्द लिहिले:

'मी तिला माफ केलेलं नाही, करणारही नाही. माझी लेक तिने चोरली होती. पण तिला जे काही बोललात ते माझ्या सापळ्यामुळे बोललात. तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत असेल, तिच्या इमारतीत राहत असेल, तर प्रकरण वाचून झाल्यावर तिच्या दाराची बेल वाजवा. उघडलं नाही तर पुन्हा वाजवा. आणि मला कळवा.'