थंड भांडं

"व्हॉल्व्ह उघडा, जिव्याकाका," प्रितेश सर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. "चिलर पण बंद करा. आजच गाळा खाली करायचाय."

कोन गावच्या गोदामातल्या त्या प्रयोगशाळेत जिव्या तीन वर्षं हेल्पर होता. समुद्राच्या तळाशी बर्फात मिथेन कोंडलेला असतो. तसाच बर्फ इथे एका पोलादी भांड्यात बनवला होता. त्यात कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड दाबून भरला, की तो बर्फात ठाण मांडतो आणि मिथेन सुटून बाहेर येतो. मिथेन जाळायला घ्यायचा, धुरातला वायू कायमचा गाडायचा. हे सरांनीच त्याला हौसेने समजावलं होतं. भांडं तापलं तर सगळं पाण्यात, असंही बजावलं होतं.

'कायमचा' हा शब्द जिव्याने खरा धरला. शिकलेली माणसं तो कसा वापरतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

म्हणून लेकीच्या लग्नादिवशीच चिलर बिघडला, तेव्हा तो घरी गेला नाही. धामणकर नाक्यावरून रिक्षाने बर्फाच्या लाद्या आणून, गोणपाटात गुंडाळून त्याने भांडं थंड राखलं. तिकडे अकलोलीच्या वरच्या पाड्यात लेक बापाविना मांडवातून गेली. त्याची बायको मंगळी दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. शेवटी त्याने तिला तिच्या भाषेत सांगितलं, "आपू रानातला कांद खणतो, तं त्याचा डोका परत मातीत ठेवतो ना? तसाच हाय ह्या. काढला तं परत ठेवला पायजे." तिला पटलं.

आता सर सांगत होते, आकडे मिळाले, अहवाल गेला, तुम्हाला शेजारच्या गोदामात लोडिंगला लावून देतो.

"पन तो कायमचा ठेवायचा व्हता ना, सर?"

"अहो, ते समुद्रात. हे नुसतं सॅम्पल." सर हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हेच जिव्याला जास्त लागलं.

त्याने शटर वर केलं आणि व्हॉल्व्ह फिरवला. वायू फुसफुसत रस्त्यावरच्या कंटेनरांच्या धुरात गेला. तेवढ्याने जगाचं काही बिघडणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. लेकीचा मांडव मात्र फुकटच हुकला होता. दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

रविवारी मंगळी रानात कांद खणत होती. तिने कांदाचं डोकं कापून खड्ड्यात ठेवलं.

"तुझा भांडा थंड हाय ना?"

"हाय," जिव्या म्हणाला, आणि दोन्ही हातांनी माती दाबत राहिला.