हळदीला वाजलेली चाल

त्रिविक्रमच्या गाण्यांच्या चाली सुचायच्या स्वयंपाकघरात, आणि त्याही शिवलीलाअक्काला. हे गुपित त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, खुद्द अक्कालाही नाही. बेळ्ळंदूरच्या त्याच्या फ्लॅटवर स्वयंपाकाला येणारी ती भाकऱ्या थापताना गुणगुणायची आणि हा पठ्ठ्या फोन रेकॉर्डिंगला लावून डब्यांमागे ठेवायचा. मुलाखतीत मात्र ‘ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तिथे सुचलं’ असं बिनदिक्कत ठोकून द्यायचा.

यंदाची चाल ऐकून त्याच्या अंगावर काटाच आला. शब्द नव्हते, नुसता वर चढून मध्येच तुटणारा सूर. त्याने लय दुप्पट केली, ढोलकी घातली, हळदीचं झकास गाणं बेतलं. महिन्याभरात ते लग्नालग्नांतून वाजू लागलं. मन खात होतं, नाही असं नाही. म्हणून अक्काच्या मुलीच्या, मेघाश्रीच्या हळदीला तो स्वतः स्पीकर घेऊन आनेकलला गेला. अक्काला न सांगता तिचीच चाल तिला आहेर करायची आणि मोकळं व्हायचं, एवढाच त्याचा बेत.

गाणं लागलं. पोरी नाचायला उठल्या. पण अक्काच्या गावाकडून, अथणीकडून आलेल्या बायकांचे हात हळदीच्या वाटीतच थांबले. एकीने डोळ्यांना पदर लावला. अक्काने उठून स्पीकर बंद केला आणि त्याला दाराबाहेर बोलावलं. त्यांच्या गावाकडे बायका मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून सुरात रडतात, जिची तिची चाल वेगळी, हे त्याला तिथे कळलं. ही चाल अक्काने मेघाश्रीचा बाप गेला तेव्हा त्याच्या उशाशी धरली होती.

“माझंच चुकलं, अण्णा,” ती म्हणाली. “कामाच्या घरात तसलं तोंडात यायला नको होतं. तुमच्या कानात बसलं असंल.”

पळवाट आयती मिळाली होती. एरवी त्याने ती सोडली नसती. पण ती त्याची माफी मागत होती, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कानात नाही बसलं, अक्का. मी चोरून रेकॉर्ड केलं. चाळीसेक वेळा ऐकलं असेल.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिला खरंच उलगडत नव्हतं.

“चाळीस वेळा ऐकलंत,” ती म्हणाली, “आन् कोण तर रडतंय हे कळलं न्हाई?”