कपाटाचा दमा

रात्रपाळी संपवून थोरली घरी आली, खोलीचं दार ढकललं, तर तिच्याच पलंगावर धाकटी जाऊ पडलेली. उशी बाजूला सारून, उजवा कान भिंतीला चिकटवून, डोळे मिटून.

"काय गं, बरं वाटत नाही का?" पर्स खुंटीला अडकवत थोरलीने विचारलं.

धाकटीने डोळे न उघडता एक बोट वर केलं. थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठून बसली आणि चादरीची सुरकुती हाताने सारखी करत म्हणाली,

"ताई, किती दिवस ऐकताय तुम्ही हे?"

"काय?"

"हे."

भिंतीतून पंख्याची घरघर येत होती. पंखा होता तळहाताएवढा, पण आवाज असा, की कुणीतरी दातओठ खात दिवसभर एकच अक्षर घोकतंय.

"त्याची सवय झालीय मला," थोरली म्हणाली. "वॉर्डात याच्या दसपट गोंगाट असतो."

धाकटीने तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं आणि ती उठून निघून गेली.

भिंतीपलीकडे धाकटीची खोली होती आणि भिंतीला टेकून एक जुनं लाकडी कपाट. कपडे त्यातून केव्हाच हद्दपार झाले होते. आता आत पांढरे दिवे, पाण्याच्या थाळ्या आणि शेवाळात रोवलेली ऑर्किडची एकोणीस रोपं. लग्नाआधी ती बाटल्यांमध्ये रोपं वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने दोन जातींचा संकर करून तयार केलेली ही रोपं मांडीवर घेऊन ती घरी आली. आता त्यांना सहावं वर्ष लागलं होतं. फूल कोणत्या रंगाचं येणार, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. रोपांना ऊब हवी, ओल हवी, पण हवा कोंडली की बुरशी धरणार. म्हणून दिवे असेपर्यंत पंखा चालू. दिवे दिवसा लागत, आणि थोरलीची झोपही दिवसाचीच.

सवय झाली, हे खोटं होतं. मागच्याच आठवड्यात रात्रपाळी संपता संपता थोरलीने औषधांच्या ट्रेमधून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बाटली उचलली होती. सोबतच्या नर्सने नुसतं तिचं मनगट धरलं. बाटली जागेवर परत गेली, कुणाला काही झालं नाही. घरी मात्र ती याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती.

त्या दुपारी भिंत गप्प होती. थोरली मेल्यासारखी झोपली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठली, तर धाकटी तिच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. चिमट्याने एक रोप उचलून तिने कागदावर ठेवलं. त्याच्या देठाशी कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती. शेजारी तसंच आणखी एक.

"पंखा का बंद केलास?"

"जरा विश्रांती दिली त्याला."

थोरलीने कपाटामागे हात घालून बटण दाबलं. घरघर सुरू झाली.

"यांच्या जिवावर झोपू का मी?"

"आणि यांनी तुमच्या जिवावर वाढायचं?" धाकटी हळूच म्हणाली.

आणि तिने ती दोन्ही रोपं कागदात गुंडाळून टाकून दिली.

जेवताना धाकटीच्या नवऱ्याने निदान केलं. "कपाटाला दमा झालाय. वहिनी, तुम्ही कानात बोळे घाला."

"आणि वॉर्डातून फोन आला तर?"

"मग कपाटालाच औषध द्यायला हवं," त्याने बायकोकडे पाहिलं. ती हसली नाही. एका जुन्या पाकिटाच्या मागे ती चौकोन आणि बाण काढत होती, आणि तिच्या पुढ्यातलं जेवण गार होत होतं.

थोरलीच्या सुट्टीच्या दिवशी दोघी पंख्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने ‘आवाजरहित’ असं छापलेली सहा खोकी काउंटरवर मांडली. धाकटीने एकेक पंखा लावून पाहायला मागितला. आधी हातात धरून ऐकायची, मग तोच पंखा काउंटरवर टेकवायची. टेकवला की प्रत्येक पंखा वाचा फुटल्यासारखा बोलायला लागे.

"ऐकलंत, ताई? हातात असताना गरीब. लाकूड भेटलं की चढला. आपल्याकडेही निम्मा आवाज पंख्याचा नाहीच, कपाटाचा आहे. आणि कपाट टेकलंय तुमच्या भिंतीला."

शेवटी तिने सर्वांत मोठा पंखा निवडला आणि त्याचा वेग कमी करायचं बटणही मागितलं. दुकानदार हसला.

"ताई, कपाट केवढं सांगितलंत? हे म्हणजे मुंगीच्या बिळाला हत्तीचं दार."

"लहान पंख्याला तेवढीच हवा ओढायला धापा टाकत पळावं लागतं," धाकटी म्हणाली. "मोठा रमतगमत चालला तरी तेवढीच ओढतो."

दुकानदाराने पंखा पुन्हा लावला आणि वेग कमी कमी करत नेला. पातं फिरत होतं, धाकटीच्या कपाळावरचे केस उडत होते, पण दुकानात ऐकू येत होता तो फक्त रस्ता. त्याने मान हलवली. "पंचवीस वर्षं पंखे विकतोय," तो थोरलीला म्हणाला, "पण टेकवून बघणारं गिऱ्हाईक आज पाहिलं."

थोरलीला उगाचच आपली पाठ थोपटल्यासारखं वाटलं.

पुढचे चार दिवस ती झोपायच्या आधी दारात उभी राहून बघायची. धाकटीने कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, पायांखाली रबर सारलं. पंखा स्क्रूने न आवळता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर पाळण्यासारखा टांगला. खाली हवा आत येण्यासाठी भोकं पाडली. पंख्याच्या तोंडाच्या दुप्पट, कारण चिंचोळ्या वाटेने हवा शीळ घालते म्हणे. वरून हवा बाहेर जायला लाकडाची पेटी केली, तिला दोन वळणं दिली आणि आतून गादीचा जुना स्पंज चिकटवला. टिश्यू पेपरची पट्टी आत टांगून हवा कुठे पोचते, कुठे नाही, ते पाहिलं. मागचा एक कोपरा कोंडलेला निघाला, तेव्हा दोन दिवसांचं काम उलगडून पुन्हा केलं. कपाळावर आठी नाही की तोंडी कुरकुर नाही. प्रत्येक फेरफारानंतर ती इकडे येऊन थोरलीच्या पलंगावर आडवी व्हायची आणि डोळे मिटून ऐकायची. वॉर्डात नवीन मुलींना शिकवताना थोरली सांगायची, खाट लावलीत की एकदा स्वतः तिच्यावर झोपून बघा. अजून कुणी झोपून पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी थोरली घरी आली, तोंड धुतलं, पडदे ओढून पडली. भिंत गप्प होती. कुशीवर वळून तिने भिंतीला कान लावला. काहीच नाही. जमलं नसणार. पुन्हा बंद केला असणार हिने, आणि विचारलं की म्हणेल, विश्रांती दिली.

ती अनवाणी उठून पलीकडे गेली आणि कपाटाचं दार बोटभर उघडलं. कागदाची पट्टी तिरकी होऊन तरंगत होती. सतराच्या सतरा रोपांची पानं अगदी बारीक हलत होती, मागच्या कोपऱ्यातलीसुद्धा. दार लोटून ती वळली, तेव्हा कुठे तिचं खाली लक्ष गेलं. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीजवळ, फरशीवरच, धाकटी गाढ झोपली होती. केसांत लाकडाचा भुसा, हाताच्या मुठीत स्क्रू ड्रायव्हर.

थोरलीने वाकून एकेक बोट सोडवत तो काढून घेतला. अंगावर पांघरूण घातलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती लगबगीने, टाचा वर उचलून बाहेर गेली आणि कुरिअरवाल्याचं बोट घंटीपर्यंत पोचायच्या आत तिने दार उघडलं.

"हळू," ती म्हणाली. "आत माणूस झोपलंय."